स्वस्त आलिशान गाडी, महागडी बॅटरी

टोयोटाने २०१३ मध्ये कॅमरी हायब्रिड भारतात आणली. त्या पिढीच्या जुन्या गाड्या आता मूळ किमतीच्या मानाने बऱ्याच स्वस्तात मिळत असल्या, तरी बीडमधील ग्राहकाने केवळ किमतीला भुलू नये. खरी मेख बॅटरीत आहे. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी थंड ठेवणारी हवा प्रवाशांच्या कक्षातूनच आत घेतली जाते. हा मार्ग धुळीने चोंदला, की चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य घटते. ती बदलण्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. इन्व्हर्टर वा ब्रेकयंत्रणेतील बिघाड तर सर्वसाधारण गॅरेजच्या आवाक्याबाहेरचा. त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते. एवढा खर्च झाल्यावर इंधनबचतीतून उरते काय? तेव्हा सौद्यापूर्वी बॅटरीची संगणकीय तपासणी आणि देखभालीच्या नोंदी पाहणेच शहाणपणाचे ठरेल.