न दिसणारी चूल

युरोपीय आयोगाने २६ मार्च २०२५ रोजी नागरिकांना ७२ तास पुरेल एवढा शिधा घरात ठेवण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली. महिना उलटतो न उलटतो तोच, २८ एप्रिलला, स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली व इंडक्शनवर विसंबलेली स्वयंपाकघरे भर दुपारी थंडावली. शिध्याबरोबर इंधनही साठवावे लागते, हे त्या दिवशी उमगले. सदनिकेत राहणाऱ्याला ते इंधन धूर, वास आणि ज्वाळा यांचा गाजावाजा न करणारे हवे असते.

युद्धभूमीवर ही गरज जिवाशी निगडित असते. युक्रेनमध्ये २०२२ नंतर स्वयंसेवकांनी ‘खंदक-मेणबत्त्या’ मोठ्या संख्येने आघाडीवर धाडल्या. रिकाम्या डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी, वर ओतलेले वितळलेले मेण. एवढ्यावर चहाचे पाणी तापते, हात शेकता येतात. शेकोटीसारखा त्यांचा धूर दुरून दिसत नाही. मात्र उष्णता टिपणारे कॅमेरे घेऊन ड्रोन फिरू लागल्यापासून केवळ धूर लपवून भागत नाही.

शहरी कुटुंबाला ड्रोनची नव्हे, शेजाऱ्यांची आणि धूरसूचक यंत्राची धास्ती असते. घात होतो तो इथेच. पर्वतावर धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे न्यायशास्त्रातले जुने उदाहरण; पण धूर नाही म्हणून विषही नाही, हे अनुमान प्राणघातक ठरते. धगधगता लोणारी कोळसा जवळपास निर्धूर जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो. त्या वायूला ना रंग, ना गंध. टेक्सासमधील फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात राज्याच्या आरोग्य खात्याने नोंदवलेल्या २४६ मृत्यूंपैकी १९ या वायूच्या विषबाधेने झाले. वीज नसलेल्या घरांत आणलेल्या कोळशाच्या शेगड्या, जनित्रे, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या मोटारी हे त्या वायूचे नेहमीचे उगम.

मग उरते काय? ब्यूटेनचा छोटा डबा सोयीचा. पण ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस. कडाक्याच्या थंडीत बाल्कनीतली शेगडी पेटत नाही आणि मोह होतो तो तिला आत आणण्याचा. प्रोपेनमिश्रित डबा अशा वेळी अधिक साथ देतो. स्पिरिट स्वच्छ जळते, परंतु उजेडात त्याची ज्योत जेमतेम दिसते. ती विझली असे समजून वरून स्पिरिट ओतणारा भाजून घेतो. जर्मनीत १९३६ साली आलेल्या हेक्झामिनच्या वड्या निर्धूर जळतात आणि राख ठेवत नाहीत, पण त्यांच्या वाफा बंद खोलीत घेण्याजोग्या नाहीत. सर्वांत अबोल म्हणावी ती अमेरिकी सैनिकांच्या शिध्यातली ज्योतीविना तापणारी पिशवी: मॅग्नेशियम व लोखंडाच्या भुकटीवर थोडे पाणी घातले की दहा-बारा मिनिटांत जेवण गरम. त्यातून हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ ज्योत नको. शिवाय ती अन्न तापवते, शिजवत नाही.

पेटवायचे काहीही असो, उघडी खिडकी आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड सूचक यांवाचून पेटवू नये. कोळसा तर खिडकी उघडी असली तरीही घरात नको. आणि तीन दिवसांच्या वीजबंदीसाठी मराठी घराने खरेदीचा आरंभ शेगडीपासून करण्याचे कारणच नाही. सातूचे पीठ, फोडणीवाचूनचे दडपे पोहे यांना आच लागत नाही. भाताला एक सणसणीत उकळी आणून झाकलेले पातेले रजईत गुंडाळून ठेवले, तर तो आपल्याच उष्णतेवर शिजतो. इंधन लागते ते त्या एका उकळीपुरते.