मूल कोणाजवळ आहे?

मूल चिडचिडं झालं, रात्री दचकून उठायला लागलं, वर्गात गप्प बसू लागलं, की चौकशीचा पहिला प्रश्न ठरलेला : आई नोकरी करते का? शाळेतल्या बाई विचारतात, नातेवाईक तर विचारतातच. वडील रात्री नऊला घरी येतात, याची चौकशी फारशी कोणी करत नाही.

या प्रश्नाला शास्त्राचा शिक्का मिळाला १९५१ साली. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. त्यातली मुलं होती महायुद्धानंतर बेघर झालेली, अनाथालयांत नाहीतर इस्पितळांत आईवडिलांवाचून दीर्घकाळ राहिलेली. सकाळी पाळणाघरात सोडून संध्याकाळी घरी आणलेली नव्हेत. शिवाय आईबरोबर तिची जागा कायमची घेणाऱ्या माणसाचाही उल्लेख होता. लोकांनी सोयीची तेवढी ‘आई’ उचलली. (लहान मुलांच्या आयांनी घरी राहावं, असा बोल्बींचाही कल होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.)

गंमत आहे ती त्यांच्याच बालपणात. बडे शल्यविशारद असलेल्या वडिलांचा हा मुलगा. आई नोकरी करत नव्हती, तरी मुलांच्या वाट्याला यायची दिवसातून तासभर, संध्याकाळच्या चहानंतर. मुलाला जीव लावला तो मिनी नावाच्या दाईनं. तो चार वर्षांचा होत आला असताना ती काम सोडून गेली आणि ते दुःख पुढे बोल्बी विसरले नाहीत. म्हणजे आई घरातच होती. पोरकेपण आलं ते पगारी बाई गेल्यामुळे.

२०१० साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये ५० वर्षांतल्या ६९ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. आई लवकर कामावर रुजू झाली म्हणून मुलांच्या वागण्यात किंवा अभ्यासात पुढे मोठा बिघाड होतो, असं त्यात सर्वसाधारणपणे दिसलं नाही. उलट चिंता, उदासी अशा तक्रारी काहीशा कमीच निघाल्या. एकट्या आईच्या घरात तर तिच्या कमाईचा मुलांना फायदाच दिसला. अगदी पहिल्या वर्षाबद्दल मात्र निष्कर्ष इतके निर्धास्त नाहीत. हे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले, तेव्हा जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. अमेरिकेतच १९९१पासून तेराशेहून अधिक मुलांवर चाललेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासानं असं सुचवलं, की सांभाळणारं माणूस कसं आहे आणि घरात आईवडील मुलाशी कसे वागतात, याचं वजन पाळणाघरातल्या तासांपेक्षा जास्त.

घरात आई कशी वागेल, हे ती किती दमली आहे त्यावरही ठरतं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषांची ९७. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुषच मोजलेले. उरलेल्यांचं काय सांगावं! मुलाला वेळ मिळत नसेल, तर तो ऑफिसात किती गेला आणि ओट्यापाशी किती, याचाही हिशोब मांडायला हवा.

आणि ही सगळी चर्चा करणारे आपण कोण? पगारी सुट्टी, पाळणाघराची फी, आजीची सोय असलेली माणसं. बीडमधून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या बाईला ‘नोकरी करावी की मूल वाढवावं’ हा पर्यायच नाही. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. अंधार असतानाच फडावर जायचं, त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. तान्हं मूल फडाच्या कडेला, नाहीतर कोपीत, म्हणजे झोपडीत, थोरल्या बहिणीजवळ. ती थोरली म्हणजे आठ-नऊ वर्षांची. तिची शाळा सुटते, खेळ सुटतो, भाऊ रडला तर बोलणी तिलाच. आईच्या कामाचा मुलांच्या मनावर परिणाम शोधायचाच असेल, तर मी आधी या पोरीकडे बघेन. पण इथे दोष आईच्या कमाईवर ढकलता येत नाही. ती कामाला आली नाही तर कोयता अर्धा आणि उचल डोक्यावर.

कायदा काय म्हणतो? प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभाही दिली. चांगली तरतूद आहे. साखर कारखान्याच्या तोडीवर माणसं शेकड्यांनी असतात, पण ती कर्मचारी कोणाची? कारखाना मजूर आणणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे.