मातीचा उच्छ्वास

सौंसरच्या संत्र्यांचे कौतुक आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. आज आम्ही बोलणार आहोत ते झाडाखालच्या मातीविषयी. ज्या वावरात पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी होत असे, तेथे बाग लावली तरी ज्वारीची मुळे व धसकटे मातीत मुरलेलीच असतात. त्यांतील कार्बन वायुरूपाने पुढे अनेक वर्षे बाहेर पडत राहतो. तो जुना साठा आटत असेल आणि बागेचा पालापाचोळा तितकी भर घालत नसेल, तर फळ कितीही गोड असो, जमीन आतून रिती होत असते.

पण हा वायू ज्वारीचा की संत्र्याचा, हे ओळखावे कसे? कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक अणू किंचित जड असतो. ज्वारी, मका, ऊस यांची हवेतून कार्बन घेण्याची रीत निराळी. त्यामुळे संत्रा, कापूस, तूर यांच्या मानाने त्यांच्यात जड कार्बनचे प्रमाण शेकडा सुमारे दीडने अधिक भरते. फरक एवढासाच, पण ओळख पटावयास पुरेसा.

तो मोजण्यासाठी आजवर हवेलाच प्रवास घडत असे. गोव्यात काबो द रामा येथे १९९३ पासून समुद्रावरची हवा काचेच्या कुप्यांत भरून तपासणीसाठी थेट ऑस्ट्रेलियास धाडली जाई! आता लेसरची यंत्रे निघाली आहेत. ती गाडीत घालून शेतावर नेता येतात. मातीवर डबा उपडा घालावयाचा आणि त्यातील हवा नळीने यंत्रात घ्यावयाची. आत वीतभर पोकळीत आरशांमधून लेसरचा किरण इतक्या येरझारा घालतो की त्याची वाट कित्येक किलोमीटर होते. जड कार्बनचा वायू किरणाचा किंचित वेगळा रंग शोषतो, त्यावरून त्याचे प्रमाण कळते. यंत्र महाग आहे, आणि सर्वज्ञ तर नाहीच. परासियाचा कोळसा व चुलीतले लाकूड यांच्या धुरांतला भेद त्यास नीटसा सांगता येत नाही. दोहोंच्या मुळाशी संत्र्याच्याच रीतीने वाढलेली झाडे!

तुलनेसाठी मात्र बागेलगत, त्याच मातीचे, अजूनही ज्वारीखाली असलेले वावर लागते. सौंसर-पांढुर्ण्याकडील कोणा वाचकाच्या शिवारात असे वावर राहिले असेल, तर तेथेही संत्रा लावण्यापूर्वी त्यांनी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेस एक पत्र अवश्य टाकावे.