आधी पोर, मग खेळाडू

नावनोंदणीचे दिवस आले की कॅनडातल्या मराठी घरांत एक वाद हमखास रंगतो. शेजारची पोरे हॉकीला जातात, आपल्यालाही घालायचे का? इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, ध्यानचंदांच्या हॉकीशी तिचा संबंध नावापुरता. वादात दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, ‘नको ती हाणामारी आणि नको तो खर्च. पोहणे आणि बुद्धिबळ काय वाईट आहे?’ दुसरा म्हणतो, ‘घालायचे तर पाचव्या वर्षीच आणि पूर्ण जोर लावून, नाहीतर मुलगा कायमचा मागे पडेल.’ हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक वाटतात, पण दोघांची चूक एकच आहे. समोर उभे असलेले पाच वर्षांचे पोर दोघांनाही दिसत नाही. एकाला पंधरा वर्षांचा जायबंदी मुलगा दिसतो आणि दुसऱ्याला पंचविशीतला एनएचएल या बड्या व्यावसायिक लीगचा करार.

आधी भिणाऱ्यांचे पाहू. त्यांची भीती खोटी नाही, पण तिचे वय चुकले आहे. टीव्हीवर दिसणारी मारामारी आणि धडका हा प्रौढ व्यावसायिकांचा खेळ. बॉडी चेकिंग, म्हणजे पक (खेळातली रबरी चकती) घेऊन निघालेल्या खेळाडूला अंगाने धडक देऊन अडवणे, हे दुखापतींचे मोठे कारण आहे हे कॅल्गरीच्या संशोधक कॅरोलिन एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना अल्बर्टात तेव्हा चेकिंगची परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. तुलना केली तेव्हा अल्बर्टातल्या मुलांना दुखापतीचा धोका तिपटीहून अधिक निघाला. २०१३ मध्ये हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेने त्या वयोगटातले चेकिंग देशभर बंद केले. म्हणजे आज सहाव्या वर्षी बर्फावर उतरणाऱ्या मुलाची चेकिंगशी गाठ पडायची झाली तरी ती तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि अनेक हाउस लीगांमध्ये, म्हणजे सर्वांना खुल्या स्थानिक लीगांमध्ये, तेव्हाही नाही. त्या वेळी काय करायचे ते त्या वेळी ठरवता येते. त्या धडकेसाठी आज दार लावून घेण्यात अर्थ नाही.

मग सहा वर्षांच्या मुलाची हॉकी असते तरी कशी? ड्रेसिंग रूममध्ये आई किंवा बाबा गुडघ्यांवर बसून स्केटची लेस ओढताहेत. पोराच्या नडग्यांवर गार्ड, वर लांब मोजे, फुगीर पँट, खांद्याकोपरांचे पॅड, गळ्याला पट्टा, डोक्यावर तोंडापुढे जाळी असलेले हेल्मेट. सगळे चढवून होते आणि नेमकी तेव्हाच त्याला शू लागते. बर्फावर पाय टाकताच ते आडवे होते, गुडघ्यावर येते, काठीचा आधार घेऊन उठते, पुन्हा पडते. पहिले काही आठवडे हॉकी म्हणजे एवढेच. पडण्याची उंची हातभर आणि अंगावर ढीगभर पॅड. गळ्याच्या पट्ट्याचे महत्त्व मोठ्यांना उशिरा कळले: २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात स्केटचे पाते गळ्याला लागून अ‍ॅडम जॉन्सन हा व्यावसायिक खेळाडू गेला. मोठ्यांच्या अनेक लीगांमध्ये तोवर गळपट्ट्याची सक्ती नव्हती. कॅनडातल्या लहान मुलांना मात्र ती आधीपासूनच होती.

धोका उरतो, हे मान्यच. डोके आपटून मेंदूला हादरा बसू शकतो. ओटावाची सतरा वर्षांची रोवन स्ट्रिंगर रग्बी खेळताना लागोपाठ बसलेल्या हादऱ्यांनी २०१३ साली मरण पावली. ऑन्टारियोने २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला, म्हणून तिथल्या पालकांना आणि खेळाडूंना दरवर्षी अशा हादऱ्यांविषयीची माहितीपत्रिका वाचावी लागते. ती न वाचता खाली ‘वाचले’ अशी खूण करणाऱ्या पालकाने हॉकीच्या धोक्यांवर व्याख्यान देऊ नये. नियम सोपा आहे: डोके दुखते, मळमळते, पोर गांगरल्यासारखे वागते अशी नुसती शंका आली तरी त्याला त्या दिवशी खेळातून बाहेर काढायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

खर्चाचा मुद्दाही अर्धाच खरा आहे. निवडक संघांच्या, म्हणजे ‘रेप’ हॉकीच्या, हंगामाला हजारो डॉलर लागतात. सुरुवातीच्या हाउस लीगचा हिशेब निराळा. पॅड वापरलेले चालतात. हेल्मेट मात्र सीएसए या कॅनडातल्या मानक संस्थेचा शिक्का असलेले आणि शक्यतो नवेच घ्यावे. स्केटच्या बाबतीत वाढत्या अंगाचे घेण्याची आपली सवय नडते. स्केट साधारणपणे बुटापेक्षा एक-दीड माप लहान लागतात, आणि सैल स्केटमध्ये घोटा वाकडा होऊन मूल उभेच राहू शकत नाही. नवे स्केट दुकानातून धार लावूनच बाहेर आणायचे, हेही पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी सांगत नाही. ‘फर्स्ट शिफ्ट’सारखा उपक्रम सहा ते दहा वर्षांच्या नवख्या मुलांना नखशिखान्त सामान आणि बर्फावरचे काही वर्ग माफक पैशांत देतो. हात आखडता असलेल्या घरांना जंपस्टार्ट, किडस्पोर्ट या संस्था मदत करतात. ‘हा आपला खेळ नाही’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की ब्रिटिश कोलंबियातला पंजाबी घरचा रॉबिन बावा १९८९ मध्येच एनएचएलमध्ये खेळला आणि २००८ पासून हॉकीचे समालोचन पंजाबीत होते. पंजाबी घरांनी हा खेळ आपला ठरवायला कुणाची परवानगी मागितली नव्हती.

आता दुसरा पक्ष. तो मला अधिक घातक वाटतो, कारण त्याच्या चुकीला कौतुकाची झालर असते. त्याचा आधार म्हणजे ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण. कॅनडाच्या हॉकीने ही म्हण साफ खोटी पाडली आहे. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. अव्वल ज्युनियर संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी होती. कारण सरळ आहे. वयोगटाची रेषा १ जानेवारीला पडते, त्यामुळे जानेवारीचे आणि डिसेंबरचे मूल एकाच गटात येते. सहा वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे सहावा-सातवा हिस्सा. थोराड मूल ‘गुणी’ ठरते, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त बर्फ मिळतो, आणि काही वर्षांनी ते खरोखरच पुढे गेलेले असते. पाळण्यात पाय दिसले असे आपण म्हणतो, तेव्हा दिसलेला असतो फक्त जन्माचा महिना.

यावर हॉकीचा महानायक वेन ग्रेट्झ्की याचे नाव पुढे येते: सहाव्या वर्षी तो दहा वर्षांच्या मुलांत खेळला ना! खेळला. पण तो घडला ब्रॅन्टफर्डच्या घरामागे वडिलांनी पाणी ओतून गोठवलेल्या अंगणात, मनसोक्त. उन्हाळ्यात तो बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळे. बारमाही शिबिरे लावणारे पालक त्याचे नाव घेतात आणि त्याच्या उन्हाळ्याचे विसरतात.

याच पक्षाने अर्ध्या रिंकवरच्या सामन्यांना विरोध केला. सात वर्षांखालच्या गटात संपूर्ण, म्हणजे २०० बाय ८५ फुटांचे मैदान न वापरता त्याचे तुकडे करून खेळायचे, असे हॉकी कॅनडाने २०१७ मध्ये ठरवले. या वयाला हलका निळा पकही सुचवला. ‘हा काय खेळ झाला?’ अशी ओरड झाली. गल्लीत क्रिकेट शिकणाऱ्या पोराला कुणी वानखेडेच्या सीमारेषेवर उभे करत नाही. मोठ्या बर्फावर दोन तरबेज मुले पक घेऊन पळतात आणि उरलेली त्यांच्या पाठीमागे फिरत राहतात. जागा लहान झाली की प्रत्येकाच्या काठीला पक लागतो, प्रत्येकाला वळावे, थांबावे, हिसकावावे लागते. खेळ खरा व्हायचा तो इथेच.

तेव्हा माझा पक्ष असा: मुलाला हॉकीला जरूर घाला, पण त्याच्या आजच्या वयासाठी घाला. आधी ‘कॅनस्केट’सारख्या वर्गात स्केटिंग येऊ द्या, पाय स्थिर असले की काठी आपोआप सुचते. पालकांसाठीचा ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ अभ्यासक्रम कंटाळून उरकू नका. त्यामागे शेल्डन केनेडी या माजी एनएचएल खेळाडूचे दुःख आहे. किशोरवयातल्या प्रशिक्षकाने त्याचे लैंगिक शोषण केले होते, आणि १९९७ मध्ये त्या प्रशिक्षकाला शिक्षा झाली. ड्रेसिंग रूममध्ये तपासणी झालेली दोन मोठी माणसे असतात की नाही, हे विचारणे हा उद्धटपणा नाही, पालकाचे कामच आहे. प्रेक्षकांतून पंचावर ओरडू नका. काही प्रांतांत अठरा वर्षांखालचे पंच दंडावर हिरवी पट्टी बांधतात, कारण मोठी माणसे शाळकरी पोरांना शिव्या देत होती. घरी जाताना गाडीत सामन्याचा पंचनामा करू नका. पोराला त्या वेळी भूक लागलेली असते.

आणि हंगामाचा निकाल गोलांवर ठरवू नका. मार्चमध्ये बर्फ संपला की मुलाला एकदाच विचारा, ‘पुढच्या वर्षी जायचे का?’ ते हो म्हणाले तर हंगाम यशस्वी. नाही म्हणाले तर दुसरा खेळ शोधा. सहाव्या वर्षी सोडलेल्या खेळाने कुणाचे आयुष्य वाया गेलेले नाही. भीतीने अडवणारे आणि हौसेने ढकलणारे, दोघेही हा प्रश्न टाळतात, कारण त्याचे उत्तर द्यायचा अधिकार पोराचा असतो.