मुलं राजकारणावर बोलतात, पण चर्चा करतात का?



‘सोशल मीडिया : शाप की वरदान?’ हा निबंध आपण इतक्या वेळा लिहून घेतलाय की दोन्ही बाजू मुलांना पाठ आहेत. मला विचारायचंय ते वेगळं. त्यामुळे आपल्या तरुणांची राजकीय चर्चा सुधारली का? मला तरी तसं वाटत नाही.

माझ्या हातून चौथी पास झालेली मुलं आता मतदार झालीत. (पक्षाबद्दल मी बोलणार नाही, नोकरी जिल्हा परिषदेची आहे!) निवडणूक आली की त्यांचे स्टेटस दिवसभर बदलत असतात. एकाने मला नेत्याचं पोस्टर पाठवलं. मी विचारलं, “यात तुझं मत कुठलं?” उत्तरात नुसता अंगठा आला.

सोनगीरला पारावर कोणी काही ठोकून दिलं, तर म्हातारी माणसं लगेच विचारायची, “तुले कोनी सांगं?” बोलणाऱ्याला उत्तर द्यावंच लागायचं. फॉरवर्ड केलेल्या मेसेजला हे कोण विचारणार?

न विचारल्याने काय होतं, ते आपल्याच धुळे जिल्ह्यात दिसलं. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवांवर विश्वास ठेवून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना ठार मारलं. तेही ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून. जिथे गावाने बसून बोलायचं, तिथे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. ती अफवा राजकीय नव्हती, मान्य. पण प्रचाराचा मेसेजही त्याच वाटेने येतो आणि तसाच, न विचारता पुढे जातो.

तरी ‘मोबाईल काढून घ्या’ म्हणणाऱ्यांतली मी नाही. पारावर मुली कधी बसल्या? ग्रुपवर त्या निदान लिहितात तरी. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने ई-ग्रामस्वराजवर दिसणारा गावाचा खर्च ग्रुपवर टाकला आणि विचारलं, गटारीचं काम कुठवर आलं? उत्तर कोणी दिलं नाही. “तू कोणत्या पक्षाची?” एवढं मात्र चौघांनी विचारलं. मग ती आईला घेऊन ग्रामसभेला गेली. तिथे समोरासमोर विचारल्यावर सांगावंच लागलं.

मी वर्गात रोज एक बातमी घेते. एकाने सांगायची, बाकीच्यांनी विचारायचं : कोणी सांगितलं? तू पाहिलंस का? परवा मी सकाळीच आलेला एक मेसेज सांगत होते, तर एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, तुम्हाला कोणी सांगितलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.