काढून ठेवलेल्या दुधाची निगा

प्रसूतीनंतर घरी निघालेल्या बाळंतिणीच्या हाती आपण जी पत्रिका ठेवतो, तीत अंगावरचे काढलेले दूध खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस आणि फ्रीझरमध्ये सुमारे 6 महिने टिकते, एवढे त्रोटक विधान असते. आणि यांतील पहिला आकडा ज्या खोलीस अनुलक्षून ठरविला गेला ती खोली 25 अंश सेल्सिअसच्या आसपासची आहे, ही हकीकत मात्र तीत बहुधा नमूद केलेली नसते. काही पुस्तिकांनी तर 6 ते 8 तासांची मुभा देऊन ठेवली आहे. वैशाखात चंद्रपुराकडे किंवा अकोल्याकडे पत्र्याच्या छपराखाली बाळंतपण काढणारी स्त्री ती पत्रिका वाचते, घड्याळ पाहते आणि निर्धास्त होते. तिला निर्धास्त करण्याचा अधिकार आपणांस त्या आकड्याने दिलेला नाही.

अंगावरचे दूध म्हशीच्या दुधाप्रमाणे लागलीच नासत नाही, याचे कारण त्यात जिवंत पेशी, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम आणि रोगप्रतिबंधक द्रव्ये असतात, व पहिले काही तास ती जंतूंच्या वाढीस अटकाव करतात. हा अटकाव अमर्याद नव्हे, आणि उष्म्याने जंतूंचे पारडे जड होते. सबब खोली 27 ते 32 अंशांची असेल तेथे 4 तास ही अखेरची मर्यादा समजावी. त्याहून अधिक उष्म्यात घड्याळावर भिस्त न ठेवता दूध काढताच पाजावे, अथवा गोठविलेल्या बर्फपिशव्या घातलेल्या जाड भिंतींच्या डब्यात ठेवावे, जेथे ते 24 तासांपर्यंत राहू शकते. माठाशेजारी ओल्या फडक्यात भांडे गुंडाळून ठेवण्याची युक्ती विदर्भातील कोरड्या हवेत काहीशी उपयोगी पडते. परंतु कोकणातील दमट हवेत फडक्यातील पाणी उडतच नाही, तेव्हा गारवाही येत नाही. रत्नागिरीची परिचारिका आणि यवतमाळची परिचारिका यांनी एकच सल्ला पाठ म्हणून दाखवावा, हा शिरस्ता म्हणूनच आम्हांस मान्य नाही. फ्रिज असल्यास दूध दारातील कप्प्यात ठेवू नये, कारण उन्हाळ्यात पाण्याच्या बाटलीसाठी ते दार दिवसभर उघडत असते. मागच्या बाजूस ठेवावे. वीज गेली असता दार बंद राहिले तर साधारण 4 तास थंडावा टिकतो, हेही घरच्यांस सांगून ठेवावे.

तापविण्याच्या बाबतीत अडचण निराळी आहे. आपल्या घरांत दूध आले की ते तापवायचे, उतू जाऊ द्यायचे नाही आणि साय धरू द्यायची, हा संस्कार इतका मुरलेला आहे की, सून कामावर गेल्यावर सासूबाई फ्रिजमधील वाटी काढून बिनदिक्कत गॅसवर ठेवतात; आणि पिशवीच्या दुधास जो न्याय योग्य, तोच या दुधास लावल्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांना कोणी वेगळे सांगितलेलेच नसते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढली. अशा पेढीत दान आलेले दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटे ठेवून लगोलग थंड केले जाते, कारण ते परक्या, बहुधा अपुऱ्या दिवसांच्या, बालकास जावयाचे असते. एवढ्या मोजक्या उष्णतेनेही त्यातील काही गुण उणावतात. आईचे दूध तिच्याच निरोगी बाळास द्यायचे असता हा व्यय करण्याचे प्रयोजन नाही, आणि उकळी तर त्याहून कितीतरी निष्ठुर.

कृती सोपी आहे. गॅसवरून उतरविलेल्या कोमट पाण्याच्या पातेल्यात दुधाचे झाकलेले भांडे काही मिनिटे ठेवावे. पाणी झाकणापर्यंत चढू देऊ नये. दूध 40 अंशांपुढे जाऊ देऊ नये. आणि मनगटाच्या आतल्या बाजूस थेंब टाकला असता तो ना गार ना गरम वाटला म्हणजे झाले. बाळ घेत असेल तर मुळीच न तापविता दिले तरी चालते. वर साईसारखा थर दिसला तर भांडे हलकेच फिरवावे, म्हणजे तो मिसळतो. गोठविलेल्या दुधास साबणासारखा वास आला म्हणून ते नासले असे मानू नये, तो दुधातील विकराचा परिणाम आहे. मायक्रोवेव्ह मात्र वर्ज्य, कारण बाटली बाहेरून गार लागते तेव्हा आतील एखाद्या भागात चटका बसण्याइतके दूध तापलेले असते. गोठविलेले दूध आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणून ठेवावे, पूर्ण विरघळल्यापासून 24 तासांत संपवावे, पुन्हा गोठवू नये.

2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा 26 आठवड्यांची झाली खरी, तरी शिक्षिका, एसटीतील वाहक आणि आपल्यातीलच रात्रपाळीच्या परिचारिका ही रजा संपताच पंप घेऊन कामावर परततात, आणि पंपाची स्वच्छता हा विषय आपण दोन वाक्यांत आटोपतो. 2016 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका अपुऱ्या दिवसांच्या बालिकेस क्रोनोबॅक्टर जंतूने मेंदूज्वर झाला, तेव्हा तोच जंतू पंपात आणि सिंकच्या निचऱ्यात सापडला. पंपाचे भाग सिंकमध्ये भिजत टाकू नयेत, त्यासाठी वेगळे पातेले राखावे व ते नीट वाळवावेत. हाताने दूध काढता येत असेल तर ते शिकविण्यास दहा मिनिटे अवश्य द्यावीत. त्या पद्धतीत धुवावयाचे असतात ते केवळ हात आणि दूध धरण्याचे भांडे. नवजात अतिदक्षता विभागातील बाळांसाठी त्या विभागाची ताकीद याहून कडक असेल, तेथे तीच प्रमाण.

राहता राहिले उष्टे दूध. बाळाने तोंड लावलेल्या दुधात त्याची लाळ जाते, म्हणून ते 2 तासांच्या आत संपवावे वा टाकून द्यावे, असा नियम आहे. पण अंगावरचे दूध मोरीत ओतणे आजीच्या जिवावर येते आणि ती ते पुन्हा फ्रिजमध्ये सरकविते. हा तंटा मिटविण्यासाठी दूध बाटली भरून न ठेवता 30 ते 60 मिलिलिटरचे वाटे करून, प्रत्येकावर तारीख व वेळ टाकून ठेवावयास सांगावे आणि पाजताना बोंडल्यात थोडेथोडे ओतावयास शिकवावे. म्हणजे टाकावे लागलेच तर ते दोन चमचे असेल.