सायकल भंगारात काढू नका



गेल्या वर्षी जूनमध्ये स्वीडनमधल्या वेटर्न नावाच्या तळ्याभोवती मी सायकलने एक फेरी पूर्ण केली. अंतर ३१५ किलोमीटर. रात्री नऊ चाळीसला निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला परत आले. वस्तीतल्या मैत्रिणींना फोटो पाठवला, तेव्हा एकीनं विचारलं, "तिकडं जाऊन सायकलच चालवायची होती, तर इथली कायले सोडली?" तिनं थट्टेनं विचारलं होतं, पण मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहिते आहे.

आमच्या घरी एक काळी सायकल होती. बाबा त्या सायकलनं उत्तर नागपुरातून एमआयडीसीत कामाला जायचे, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. आम्ही दोघं भावंडं तिच्याच दांडीवर आणि कॅरिअरवर बसून शाळेत गेलो. मी तिच्यावर अर्धी कैची शिकले, आणि वयात आल्यावर आईनं ती बंद केली. पुढं भावाला नोकरी लागली आणि दारात मोटारसायकल आली. तेव्हा सायकल विकून टाका असं सगळ्यात मोठ्यानं म्हणणारी मीच होते. मला कॉलेजात मैत्रिणी होत्या, त्या घरी यायच्या. बाबा म्हणाले, "आता कायची सायकल? लोकं काय म्हनतीन?" भंगारवाला घेऊन गेला. चार वर्षांत बाबांचं वजन वाढलं, साखर निघाली. पायाची जखम वेळेवर दाखवली नाही आणि अंगठा काढावा लागला. सायकल विकली म्हणूनच हे झालं, असं मी म्हणणार नाही. मधुमेहाला घराण्याचा वारसा, जेवण, झोप, काळजी अशी पुष्कळ कारणं असतात. पण रोजचे दोन तास चालणारे पाय एका दिवसात थांबले, आणि त्यांच्या जागी आम्ही काहीही ठेवलं नाही, एवढं खरं.

आता त्या तळ्याविषयी. तळं म्हणायचं ते आपल्या सवयीनं. त्याची लांबी सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. पाणी इतकं स्वच्छ की काठावरची शहरं तेच पिण्यासाठी घेतात. तळं आणि पिण्याचं पाणी म्हटलं की आपल्या माणसाला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. निघण्याआधी काठावर उभी राहून मी ओंजळभर पाणी प्याले. शेजारच्या बाईला त्यात काही विशेष वाटलं नाही.

या फेरीला तिकडे 'वेटर्नरुंडान' म्हणतात. १९६६ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा ३३४ जण निघाले होते. आता हजारो लोक येतात. पूर्वी अंतर ३०० किलोमीटर होतं, ते आता ३१५ झालं आहे. मोताला या गावातून निघायचं, तळं उजव्या हाताला ठेवत दक्षिणेला यॉनशॉपिंग शहरापर्यंत जायचं आणि पश्चिमेच्या काठानं वर येऊन पुन्हा मोतालाला पोचायचं. (यॉनशॉपिंग म्हणजे काडीपेटीचं गाव. आपल्या आजोबांच्या खिशातली विमकोची काडीपेटी बनवणारा अंबरनाथचा कारखानाही स्वीडनच्याच काडीपेटी कंपनीनं उभा केलेला. तिथं पोचल्यावर हे आठवून हसू आलं.)

ही शर्यत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षिसाची रक्कम नाही. सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. काही मिनिटांच्या अंतरानं एकेक गट निघतो, रात्रभर हे चालतं. जूनमध्ये तिकडे रात्र नावालाच असते. दोन-अडीचलाच उजाडायला लागतं. माझ्या गटात एक निवृत्त शिक्षिका, एक सुतार, दोन परिचारिका आणि मी काम करते त्या वृद्धाश्रमातली स्वयंपाकीण होती. पंचविशीचं कोणीच नव्हतं. मला मागे टाकून जाणाऱ्यांत पिकल्या केसांच्या कितीतरी बाया होत्या, आणि कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हतं.

गटानं चालवण्याचं एक शास्त्र आहे. पुढचा सायकलस्वार वारा अंगावर घेतो, त्यामुळे त्याच्या मागे जवळून चालवणाऱ्याची बरीच ताकद वाचते, पाव हिस्सा तरी सहज. म्हणून पुढं राहण्याची पाळी लावतात. दमलेला बाजूला होऊन मागे येतो, दुसरा पुढं जातो. खड्डा दिसला की पुढच्यानं हात खाली करून दाखवायचा आणि प्रत्येकानं तो निरोप मागे पोचवायचा. मी सगळ्यांत कच्ची होते. पहिल्या तीस किलोमीटरमध्ये मी चढ दिसला की जोर लावायचे आणि उतारावर धापा टाकायचे. सुतारकाकांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझ्या शेजारी येऊन आपल्या वेगाला मला बांधून घेतलं. भगवंतांनी सोण थेरांना दिलेला वीणेच्या तारेचा दाखला आपण विहारात कितीदा ऐकला आहे. तार फार ताणायची नाही, सैल सोडायची नाही. मला तो मांड्यांतून कळला.

रस्त्यात ठिकठिकाणी थांबे असतात. पाव, कॉफी, खारवलेल्या काकड्या, ब्लूबेरीच्या फळाचं कोमट सार, मोठ्या थांब्यावर गरम जेवण. हे वाढणारे सगळे गावोगावच्या क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते. पहाटे तीन वाजता हातमोजे घालून काकडी वाढणारा म्हातारा पाहिला आणि मला दीक्षाभूमीचा रस्ता आठवला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात. रस्तोरस्ती भोजनदान, पाणी, औषधाचे टेबल आपलीच मंडळं लावतात. हजारो लोकांना दूरवर सुखरूप नेऊन परत आणण्याची कला स्वीडनकडून शिकायची आपल्याला गरज नाही. ती आपल्याला येते.

मला जे शिकायला मिळालं ते वेगळंच होतं, आणि ते यॉनशॉपिंगच्या पुढं मिळालं. तिथं गरम जेवण होतं. मला भूक नव्हती, मी दोन घास खाऊन उठले. पुढच्या चढावर हात थरथरायला लागले, घाम गार पडला, समोरचं फिकट दिसू लागलं. शिक्षिकाबाईंनी थांबवून बसवलं, साखरेचं पाणी आणि दोन पाव समोर बसून खायला लावले. मग विचारलं, "रोज सकाळी काय खातेस?" मी म्हणाले, चहा. त्या काही बोलल्या नाहीत. शरीरात साठवलेली साखर अशा कष्टाला दोन तासांच्या आसपासच पुरते. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं, हा लांबच्या सायकलिंगचा पहिला नियम. आणि मी ज्या घरातून आले तिथला पहिला नियम असा की, सगळ्यांचं झाल्यावर बाईनं उरलेलं खायचं. मी देश बदलला, पण ती सवय बरोबरच नेली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे महिला मंडळाच्या बैठकीत दहा जणी बसल्या असतील तर त्यांतल्या पाच-सहा. म्हणून सायकलचा आग्रह धरायच्या आधी माझा आग्रह ताटाचा आहे. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ते होतं. सकाळी भाकरी, उसळ, अंडं, जे घरात असेल ते पोटात जाऊ द्या. उपाशीपोटी सायकल चालवणं हा व्यायाम नाही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दिवसभर विटा वाहणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माणसाला व्यायाम सांगायचा कुणी? ज्याचं अंग कामानं मोडतं त्याला पोटभर जेवण, झोप, पगारी सुट्टी हवी, आणि ती मागणी आपण सोडायची नाही. पण आपल्या वस्त्या आता बदलल्या आहेत, हेही उघड्या डोळ्यांनी पाहू या. रिक्षा चालवणारा भाऊ दहा तास बसून असतो. एटीएमबाहेरचा गार्ड बसून असतो, शिलाई मशीनवरची ताई बसून असते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं तर अभ्यासिकेतून उठतच नाहीत. यांना दमायला होतं, पण शरीर हललेलं नसतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तो आता फक्त बंगल्यातला आजार नाही. खुद्द बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहानं किती छळलं, हे आपण जाणतो.

मोठ्या माणसानं आठवड्यातून किमान दीडशे मिनिटं घाम येईल इतपत हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच्या कितीतरी आधी तथागतांनी भिक्षूंना चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत, आणि त्यांत प्रवास सोसण्याची ताकद, निरोगीपणा आणि खाल्लेलं पचणं हे आहेत. चालणं सगळ्यांत स्वस्त, हे मला मान्य. तरी मी सायकल म्हणते, कारण गुडघे दुखणाऱ्या आणि वजन वाढलेल्या बाईचा भार सायकलची सीट उचलते, आणि कारण सायकल तिला चौकाच्या पलीकडं नेते. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो गरीब ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी आणायला, बाजाराला, सभेला जायला त्यांना कुणाची वाट पाहावी लागेना. टवाळी झाली, त्या एकेकट्या नव्हत्या म्हणून ती टिकली नाही. स्वीडनमध्येही याच तळ्याच्या परिसरात फक्त स्त्रियांची सुमारे १०० किलोमीटरची वेगळी फेरी निघते. बायांना आधी बायांच्या घोळक्यात निघावंसं वाटतं, हे दोन्हीकडे सारखंच.

पैशाचंही सांगते, लपवण्यात अर्थ नाही. वेटर्नच्या फेरीची फी भारी असते, आणि तिथल्या काही सायकली आपल्याकडच्या मोटारसायकलीपेक्षा महाग. माझी मागून आणलेली होती. माझ्या रंगाची माणसं मला बोटांवर मोजण्याइतकीच दिसली. म्हणून त्या फेरीची नक्कल नको. आपल्याला महागडे कपडे नकोत, गिअर नकोत. वस्तीतल्या निम्म्या घरांच्या मागे गंजलेली एक सायकल उभी असते. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चेनला तेल एवढ्यात ती चालू होते. सीटची उंची मात्र नीट करा: पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. आपल्याकडे सीट फार खाली ठेवतात आणि मग सायकलनं गुडघे दुखतात म्हणतात. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी आणि खिशात गूळ ठेवावा. थरथर, गार घाम आला की लगेच खायचा. छातीत दाबल्यासारखं झालं तर थांबायचं, दवाखाना गाठायचा. पाय बधिर असतील तर बंद बूट हवेत, चप्पल नको. बाबांच्या अंगठ्याची सुरुवात चपलेच्या अंगठ्यापासूनच झाली होती.

रस्त्याचा प्रश्न खरा आहे. ट्रकच्या धुरात आणि खड्ड्यांत बायांना कुठं पाठवता, असं माझा भाऊ म्हणतो. म्हणून रविवारी पहाटे, गटानं, विहारापासून सुरुवात. उत्तर नागपुरातून दीक्षाभूमी सहा-सात किलोमीटर, कामठीचा ड्रॅगन पॅलेस दहा-बारा. तुमच्या गावात दुसरं ठिकाण असेल. आणि वॉर्डातल्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना नळाबरोबर सायकलच्या पट्ट्याविषयीही विचारा. वीस बाया सायकली घेऊन विचारतील तर उत्तर द्यावं लागतं.

डिसेंबरात मी नागपूरला आले तेव्हा जुन्या बाजारातून एक लेडीज सायकल घेऊन विहारात ठेवली. पहिला आठवडा ती पोरांनीच पळवली, एक पायडल वाकवलं. दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला, उजाडायच्या आत, कोणी पाहू नये म्हणून, तीन जणी आल्या. त्यांतली एक माझी आई, वय ६१. बाबा विहाराच्या पायरीवर काठी घेऊन बसले होते आणि ब्रेक कधी दाबायचा ते ओरडून सांगत होते. आई दोनदा पडली. आता तिथं दोन सायकली आहेत. चावी महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे असते आणि चेनला तेल घालायचं काम बाबांनी मागून घेतलं आहे.